४० सर्व्हिसेस बंद करण्याआधी मोबाइलचं स्टॉपवॉच लावा

भाऊ, आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा मांडतो, म्हणजे चुकलं असेल तर इथेच सांगा. तुमचं पारोळ्याकडे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. डेस्कटॉप आय-थ्री, चौथ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबल्यापासून पहिला फॉर्म उघडेपर्यंत पाच-सहा मिनिटं जातात आणि तोवर काउंटरपुढे चार माणसं सातबारा हातात धरून उभी असतात. एका व्हिडिओत तुम्ही ४० सर्व्हिसेसची (विंडोजमध्ये मागे गुपचूप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) यादी पाहिली. त्या डिसेबल केल्या की कॉम्प्युटर पळायला लागतो म्हणे. तुमचं विचारणं असं की सगळ्या बंद करू का, आणि काही बिघडेल का?

सगळ्या बंद करू नका, बिघडू शकतं. आणि एवढं करूनही तुमची पाच मिनिटं बहुतेक पाचच राहतील, कारण दुखणं दुसरीकडे आहे. कुठे आहे, ते तुम्हाला घरबसल्या पाहता येईल.

माझं अमळनेरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. (विप्रोच्या गावचा माणूस म्हणून गिऱ्हाईक उगाच भाव देतं. १९४५ साली इथे निघालेली विप्रो वनस्पती तुपाची होती, हे त्यांना सांगत बसत नाही.) सर्व्हिसेस बंद करायचा नाद मलाही होता. विंडोज एक्सपीच्या काळात ब्लॅक वायपर नावाच्या संकेतस्थळावरच्या याद्या आम्ही प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवायचो. तेव्हा त्यात दमही होता. १२८ किंवा २५६ एमबी रॅमच्या मशीनवर आठ-दहा सर्व्हिसेस कमी केल्या की फरक डोळ्यांना दिसायचा.

नंतर विंडोजच बदललं. व्हिस्टापासून ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ हा प्रकार आला. अशी सर्व्हिस बाकीच्या ऑटोमॅटिक सर्व्हिसेस सुरू झाल्यावर साधारण दोन मिनिटांनी उठते. विंडोज ७ पासून ‘ट्रिगर स्टार्ट’ आलं, म्हणजे गरज पडली तरच उठायचं, एरवी झोपून राहायचं. आता ती व्हिडिओवाली यादी समोर घ्या आणि रनमध्ये (विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा) सर्व्हिसेस डॉट एमएससी उघडून एकेकीपुढचा ‘स्टार्टअप टाइप’ वाचा. फॅक्स मॅन्युअल आहे. एक्सबॉक्सच्या तीन-चार आहेत, त्याही मॅन्युअल. रिटेल डेमो, फोन सर्व्हिस, स्मार्ट कार्ड, सगळ्या मॅन्युअल. रिमोट रजिस्ट्री तर विंडोज १० मध्ये मुळातच डिसेबल असते. म्हणजे ज्या सकाळी उठतच नाहीत, त्यांना बांधून ठेवायचा हा उद्योग. त्यात वेळ कुठून वाचणार?

म्हणून आधी मोजा. मोजताना ‘शट डाऊन’ करून पुन्हा चालू करू नका, ‘रीस्टार्ट’ करा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. त्यात शट डाऊन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. पूर्ण नव्याने सुरुवात होते ती रीस्टार्टलाच. कित्येक जण आज शट डाऊन करून मोजतात, उद्या रीस्टार्ट करून मोजतात आणि ‘सर्व्हिसेस बंद केल्या तर उलट हळू झाला’ म्हणून माझ्याकडे येतात.

मोबाइलचं स्टॉपवॉच लावून तीन आकडे वेगवेगळे लिहा.

पहिला, स्क्रीन काळी झाल्यापासून विंडोजचं चिन्ह दिसेपर्यंत. इथे सर्व्हिसेसचा संबंधच नाही, अजून विंडोज आलेलंच नसतं. इथे २०-३० सेकंदांपेक्षा जास्त जात असतील तर मागे पेनड्राइव्ह किंवा कार्ड रीडर लागून राहिलाय का बघा. बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्रॅम) आधी त्यावरून सुरू व्हायला बघत असेल किंवा हार्ड डिस्क उत्तर द्यायला वेळ लावत असेल. तारीख रोज सकाळी चुकलेली दिसते का, तेही बघा. दिसत असेल तर मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा सीआर २०३२ सेल संपलाय. चुकलेल्या तारखेवर बँकेच्या आणि सरकारी साइट प्रमाणपत्राची चूक दाखवून उघडत नाहीत, आणि आपण शिव्या सर्व्हरला देतो.

दुसरा, गोल ठिपके फिरायला लागल्यापासून पासवर्ड मागेपर्यंत. इथे विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवरून वर चढतात, मग ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ ऑटोमॅटिक सर्व्हिसेस उठवायला घेतो. पण पासवर्डची पाटी सगळ्या उठेपर्यंत थांबत नाही. बऱ्याच तुम्ही पासवर्ड टाकत असताना मागे उठतच असतात.

तिसरा, पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझर नीट उघडेपर्यंत. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर सगळ्यात मोठा आकडा इथे निघतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ मशीनचं असंच असतं, आणि तुमचंही असेल असा माझा अंदाज आहे.

याहून खोलात जायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ‘डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स’, आणि शेवटी ‘ऑपरेशनल’. तिथे इव्हेंट क्रमांक १०० म्हणजे सुरू होण्याचा एकूण वेळ, मिलिसेकंदांत. म्हणजे २,१०,००० लिहिलं असेल तर साडेतीन मिनिटं. क्रमांक १०१ उशीर लावणाऱ्या प्रोग्रॅमचा, १०२ ड्रायव्हरचा आणि १०३ सर्व्हिसचा. सर्व्हिस खरंच गुन्हेगार असेल तर १०३ मध्ये तिचं नाव आणि तिने किती वेळ खाल्ला ते लिहिलेलं सापडतं. मी गिऱ्हाइकासमोर हे उघडतो तेव्हा १०१ च्या ओळींची रांग लागलेली असते आणि १०३ च्या दोन-चार. ज्या असतात त्यांतही मायक्रोसॉफ्टची नावं कमी, बाहेरून टाकलेल्यांची जास्त.

आता हार्ड डिस्क. आपल्याकडे दिवाळीनंतर जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, ती डोळ्यांसमोर आणा. वजनकाटा एकच. रांगेत ट्रॅक्टर आहेत, छोटा हत्ती आहेत, मध्येच कोणी मोटारसायकलवर एक गाठोडं घेऊन आलाय. तुम्ही त्या चार मोटारसायकलवाल्यांना परत पाठवलं, तर तुमचा ट्रॅक्टर किती लवकर काट्यावर चढेल? हार्ड डिस्कला एकच हात असतो, तो फिरत्या तबकडीवर इकडून तिकडे जातो. दर उडीला दहा-पंधरा मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभरेक उड्या. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली विखुरलेल्या जागांवरून मागतं. एसएसडी म्हणजे चिपांवर डेटा साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाही, ती अशा मागण्या सेकंदाला हजारोंनी पुरवते. खात्री करायची तर डेस्कटॉप आल्या आल्या टास्क मॅनेजर उघडून ‘डिस्क’चा रकाना बघा. दोन-तीन मिनिटं १०० टक्क्यांवर चिकटून असेल आणि सीपीयू ३०-४० वर आरामात असेल, तर अडलंय ते काट्यावर.

हा प्रयोग मी मुद्दाम केला होता, एका शाळेच्या लॅबमधल्या मशीनवर. जवळपास तुमच्यासारखंच, ४ जीबी, हार्ड डिस्क. रीस्टार्टपासून ब्राउझर उघडेपर्यंत सव्वाचार मिनिटं. अशाच एका यादीतल्या पंचवीसेक सर्व्हिसेस बंद केल्या आणि तीनदा मोजलं. दहा-बारा सेकंद वाचले, आणि एवढा फरक तर काहीही न करता दोन वेळा मोजलं तरी पडतो. मग सगळ्या सर्व्हिसेस पूर्ववत केल्या, डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन केली, आणि तेच विंडोज, त्याच सर्व्हिसेस, अर्ध्या मिनिटाच्या आसपास. कॉम्प्युटरच्या सरांनी ‘तुम्ही विंडोज नवीन टाकलं का?’ म्हणून दोनदा विचारलं.

बिघडण्याबद्दल विचारलंत, तर एक मशीन सांगतो. एका ठेकेदाराच्या मुलाने मोठ्या हौसेने व्हिडिओ बघून यादी लावली. दुसऱ्या दिवशी ई-टेंडर भरायची शेवटची तारीख. डिजिटल सहीचं टोकन लावलं, टोकनचा दिवा लागतो, पण सही करताना प्रमाणपत्रच दिसत नाही. टोकनवाल्याचा ड्रायव्हर तीनदा काढून टाकला, पोर्ट बदलले, शेवटी दुपारी दोनला माझ्याकडे. कारण काय, तर यादीत ‘स्मार्ट कार्ड’ होतं. पोराने विचार केला, आपल्याकडे कुठे स्मार्ट कार्ड आहे? अरे बाबा, सहीचं यूएसबी टोकन म्हणजे विंडोजच्या लेखी स्मार्ट कार्डच. ‘स्मार्ट कार्ड’ आणि ‘सर्टिफिकेट प्रोपगेशन’ या दोन्ही मॅन्युअल केल्या, रीस्टार्ट केलं, दोन मिनिटांत सही दिसली. वडील मात्र पोराकडे असे बघत होते की मीच चहा मागवला.

तुमच्या दुकानात याहून जास्त नाजूक जागा आहेत. अंगठ्याच्या मशीनची आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस ही विंडोजची सर्व्हिस म्हणूनच चालते आणि ब्राउझर तिच्याशी याच कॉम्प्युटरवरच्या ११,१०० ते ११,१२० या पोर्टांमधून बोलतो. ती बंद केली की आधारचं प्रत्येक काम ‘डिव्हाइस नॉट रेडी’ म्हणणार. ‘प्रिंट स्पूलर’, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावणारी सर्व्हिस, बहुतेक याद्यांमध्ये असतो, कारण २०२१ मध्ये त्यात सुरक्षेची मोठी फट सापडली होती आणि ज्यांना छपाई करायचीच नाही त्यांना तो बंद ठेवायचा सल्ला मिळाला होता. तो सल्ला तेवढ्यापुरता ठीक होता, पण झेरॉक्सच्या दुकानात स्पूलर बंद करून काय विकणार? पलीकडच्या गावातला एक जण ‘भाऊ, प्रिंटरच बंद पडी गया’ म्हणत प्रिंटर उचलून घेऊन आला होता, बसमधून, मांडीवर धरून. स्पूलर डिसेबल होता. ‘विंडोज इमेज ॲक्विझिशन’ बंद केली की स्कॅनर हरवतो. ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ बंद केली की वाय-फायची यादीच येत नाही. कोणी टॅली वापरत असेल तर ‘टॅली गेटवे सर्व्हर’ला हात लावू नका, परवान्याचं काम तिच्याकडून होतं. आणि अपडेटची सर्व्हिस बंद करू पाहणाऱ्यांना माहीत असेलच, विंडोज १० मध्ये ‘अपडेट मेडिक’ नावाची दुसरी सर्व्हिस येऊन ती परत उठवते.

मग बंद करायचं काय? माझी पद्धत अशी. रनमध्ये एमएसकॉन्फिग, त्यात ‘सर्व्हिसेस’चा टॅब, खाली ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ला टिक करा. आता जे उरलं ते तुम्ही किंवा तुमच्या दुकानातल्या कोणीतरी टाकलेलं. वेळ खाणारा माल इथे सापडतो. एकेक नाव वाचा आणि स्वतःला विचारा, ही वस्तू मी शेवटची कधी वापरली? मुदत संपलेला अँटिव्हायरस असतो, त्याच्यासोबत विंडोजचा डिफेंडरही किंवा दुसरा एखादा असतो, दोघं मिळून प्रत्येक फाईल दोनदा तपासतात. तीन वर्षांपूर्वी विकलेल्या प्रिंटरची सर्व्हिस असते. जुन्या अंगठ्याच्या मशीनची आरडी असते, नवीन मशीनचीही असते, आणि दोघी एकमेकींच्या पायात पाय घालतात. एक मात्र या यादीत दिसत नाही, कधीकाळी बघायला म्हणून टाकलेल्या बिलिंग सॉफ्टवेअरने आणलेला एसक्यूएल सर्व्हर. डेटाबेसचा हा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टचाच, म्हणून टिक केली की तोही लपतो. तो सर्व्हिसेस डॉट एमएससीत शोधा. सॉफ्टवेअर उघडून दोन वर्षं झाली, पण डेटाबेस रोज सकाळी न चुकता उठतो आणि ४ जीबीतली रॅम घेऊन बसतो.

यातलं जे लागत नाही ते नुसतं डिसेबल करू नका, कंट्रोल पॅनलमधून काढूनच टाका. जे कधीतरी लागतं ते ‘मॅन्युअल’ करा. जे लागतं पण सकाळच्या पहिल्या मिनिटात लागत नाही, ते ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ करा. ‘डिसेबल्ड’ म्हणजे दाराला कुलूप, मग विंडोजने हाक मारली तरी ती उठणार नाही. ‘मॅन्युअल’ म्हणजे दार नुसतं लोटलेलं. खरी गरज असेल तर ते बहुतेकदा आपोआप उघडतं, म्हणून मला शंका आली की मी मॅन्युअलवर थांबतो.

त्याच बैठकीत टास्क मॅनेजरचा ‘स्टार्टअप’ टॅब बघून घ्या, कारण बहुतेकांचा तिसरा आकडा तिथे कमी होतो. ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’च्या रकान्यात ‘हाय’ लिहिलं असेल तर त्या प्रोग्रॅमने सुरू होताना सीपीयूचा एका सेकंदाहून जास्त वेळ खाल्लाय किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचलं-लिहिलंय. चॅटिंगचे, गाण्यांचे, प्रिंटरची शाई दाखवणारे, क्लाउडवर फोटो चढवणारे, सगळे तिथे बसलेले असतात. इथलं काही बंद केल्याने विंडोज कोसळत नाही, हवं तेव्हा हाताने उघडता येतं. यादी लावायची खुमखुमी असेल तर ती इथे जिरवा.

मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेसपैकी दोनांबद्दल नेहमी विचारणा होते. ‘सिसमेन’, जुनं नाव सुपरफेच. ती तुमच्या सवयी बघून रोजचे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवते. हार्ड डिस्कच्या मशीनसाठीच ती आहे, पण रॅम ४ जीबी असली की कधी कधी तिचंच काम डिस्कला जड होतं. इथे माझं ठाम मत नाही. काही मशीनवर बंद करून फायदा झाला, काहींवर ब्राउझर उघडायला उलट जास्त वेळ लागला. तीन दिवस बंद ठेवा, तीन दिवस चालू, आणि तुमचं तुम्ही ठरवा. दुसरी ‘विंडोज सर्च’. ती मुळात डिलेड आहे, म्हणजे पहिल्या दोन मिनिटांशी तिचा संबंध नाही, पण नंतर फायलींची सूची बनवताना डिस्क घुसळते. हजारो स्कॅन केलेल्या पीडीएफमधून तुम्ही नाव टाकून शोधत असाल तर राहू द्या. फोल्डर उघडून डोळ्याने शोधत असाल तर बंद केली तरी चालेल.

हात लावण्याआधी एक सिस्टिम रीस्टोर पॉइंट (बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीला नेण्याची सोय) बनवा आणि सर्व्हिसेसच्या यादीचे मोबाइलवर फोटो काढा, स्टार्टअप टाइपचा रकाना दिसेल असे. एका दिवशी एकच बदल. मी वहीत लिहितो: तारीख, सर्व्हिसचं नाव, आधी काय होतं, आता काय केलं. मग दिवसभर सगळी कामं एकदा करून बघायची. प्रिंट, स्कॅन, अंगठा, सही. दहा बदल एकदम केले आणि चार दिवसांनी अंगठा चालेना, तर दहातला कोणता हे शोधायला बदल करायला लागला त्याच्या दुप्पट वेळ जातो. अगदीच अडलं, डेस्कटॉपच येईना, तर पासवर्डच्या पाटीवर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि सेफ मोडमध्ये जाऊन उलट फिरवा.

एमएसकॉन्फिगमध्ये ‘बूट’च्या टॅबमध्ये प्रोसेसरची संख्या ४ करा म्हणजे वेग वाढतो, असंही त्या व्हिडिओत असेल. त्याला हात लावू नका. टिक नसताना विंडोज सगळे प्रोसेसर वापरतंच. ती सोय प्रोसेसर कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे.

आता खर्चाचं. एसएसडी टाकायचा विचार असेल तर २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी पुरते. तुमच्या मदरबोर्डवर ती सरळ बसते, आणि जुनी हार्ड डिस्क आत राहू देऊन त्यावर स्कॅनच्या फायली ठेवता येतात. मी माल जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणतो. तुम्हीही तिथे दोन दुकानं फिरून भाव बघा, पण बिल आणि वॉरंटी लेखी घ्या. रॅम ८ जीबी केली तर आणखी बरं, पण पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी एसएसडी. एक लक्षात घ्या, विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तुमचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद तुम्ही हाताळता, म्हणून या जुन्या मशीनवर एसएसडीपलीकडे फार पैसे घालू नका. पुढे मशीन बदललं तरी एसएसडी काढून नव्यात लावता येते.

एसएसडी घेण्याआधी, आजच, क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींसमोर शेवटच्या ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्याशिवाय काही दिसलं किंवा वर पिवळी पट्टी असली, तर स्टार्टअप बिर्टअप सगळं बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा फायली दुसरीकडे घ्या. आपल्याकडची ये-जा करणारी लाइट आणि मे महिन्यातली ४५ डिग्री, यात डिस्क अशीच मरते. आधी हळू होते, लोक सर्व्हिसेस बंद करत बसतात, आणि एक दिवस ती टकटक आवाज करते.

कॅबिनेटही उघडून बघा. गावात जिनिंग असेल तर प्रोसेसरच्या पंख्याखाली रुईचा अक्षरशः नमदा बसलेला असतो. एकदा मी चिमट्याने तो अख्खा उचलला, पोळीएवढा. त्या मशीनचा मालक म्हणाला, ‘भाऊ, एवढ्याची वात झाली असती.’ मशीन तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, तेव्हा कोणतीही सर्व्हिस बंद करून उपयोग नाही. ब्रशने साफ करा, पंखा बोटाने धरून ठेवा म्हणजे ब्लोअरच्या हवेने गरगरणार नाही.

तर तीन आकडे, क्रिस्टलडिस्कइन्फोच्या त्या दोन ओळी, आणि एमएसकॉन्फिगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या लपवल्यावर उरलेल्या यादीचा फोटो, एवढं इथे टाका. संध्याकाळी सातनंतर दुकानात गर्दी कमी असते, तेव्हा नाव घेऊन सांगतो कोणती काढायची आणि कोणती ठेवायची. तोवर स्पूलरला हात लावू नका.